खेळण्यापासून भिंतीपर्यंत : के. जी. सुब्रमण्यन यांची कला आणि कलाविचार

आधुनिक भारतीय चित्रकारांची नावे सांगा म्हटले, की मराठी वाचक हुसेन, रझा, सूझा, आरा, गायतोंडे अशी सुरुवात करतो. थोडा अधिक जाणकार असेल तर बेंद्रे, हेब्बर, पळशीकर, अंबादास, बरवे इथपर्यंत येतो. के. जी. सुब्रमण्यन हे नाव या यादीत आले तरी उशिराच येते. आणि आले की पुढचा प्रश्न ठरलेला : त्यांचे गाजलेले चित्र कोणते? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. ते चित्रकार होते, पण त्यांचे एक फार मोठे काम लखनौच्या एका सभागृहाच्या भिंतीवर मातीत घडवलेले आहे. त्यांनी हातमागाच्या कापडासाठी नमुने केले, लाकूड, मणी आणि चामड्याची खेळणी केली, मुलांसाठी चित्रपुस्तके केली, काचेच्या मागच्या बाजूने चित्रे रंगवली, कलेवर इंग्रजीत भरपूर लिहिले आणि जवळजवळ चार दशके विद्यार्थ्यांना शिकवले. पद्मश्री, पद्मभूषण आणि पद्मविभूषण या तिन्ही सन्मानांचा मानकरी असलेला हा कलावंत मराठीत मात्र अजून पुरता पोचलेला नाही.

याचे कारण आपल्या मोजपट्टीत आहे. चित्रकार मोजायचा तो कॅनव्हासवर, अशी सवय आपल्याला लागली आहे. बाकी सगळे काम ‘पोटापाण्याचे’, ‘हौसेचे’ किंवा ‘हस्तकलेचे’ म्हणून आपण बाजूला काढतो. सुब्रमण्यन यांच्या बाबतीत असे केले तर त्यांच्या हातचे निम्मे काम हिशेबातच धरले जात नाही, आणि उरलेले निम्मे नीट कळत नाही. त्यांनी अनेक माध्यमे हाताळली ती अष्टपैलूपणा दाखवण्यासाठी नव्हे. समाजात कला कुठे कुठे असते, याविषयी त्यांचे एक निश्चित मत होते आणि ते त्यांनी आयुष्यभर हाताने तपासून पाहिले. प्रस्तुत पुस्तक त्या मताभोवती उभे आहे. त्यात शिरण्यापूर्वी नव्या वाचकाला थोडी पार्श्वभूमी हाताशी हवी, म्हणून हा प्रस्तावनेचा प्रपंच.

आपल्याकडच्या आधुनिक कलाशिक्षणाची गोष्ट सुरू होते तीच कारागिरीपासून. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा मूळ हेतू स्थानिक कारागिरांना शिक्षण देण्याचा होता. लॉकवूड किपलिंग तिथे शिकवत असत. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे त्यांचीच. पुढे शाळेचा कल व्यक्तिचित्र, निसर्गचित्र आणि हुबेहूब चित्रणाकडे झुकला, आणि धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्यांनी त्यात असामान्य कौशल्य कमावले. मधल्या काळात भारतीय वळणाकडे जाण्याचे प्रयत्नही झाले. ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या, ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांना उत्तेजन दिले, अहिवासींनी भारतीय शैलीचा वर्ग चालवला. पण शुद्ध कला आणि उपयोजित कला यांच्यातली रेघ ठळकच होत गेली. १९५८ मध्ये उपयोजित कलेची संस्था वेगळी झाली तेव्हा त्या रेघेवर शिक्कामोर्तब झाले. मुंबईच्या कलाजगतात आजही ‘फाइन’वाला आणि ‘कमर्शियल’वाला असे दोन वंश मानले जातात, ते उगाच नाही.

कलकत्त्याची वाट वेगळी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय तैलचित्राला पर्याय म्हणून मुघल, राजपूत आणि जपानी चित्रांकडे पाहिले. स्वदेशीच्या वातावरणात ही बंगाल शैली देशभर पसरली, आणि नक्कल होऊ लागल्यावर लवकरच पाणचट झाली. त्यातून बाहेर पडण्याचा खरा मार्ग १९१९ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात स्थापन केलेल्या कलाभवनात सापडला. नंदलाल बोस यांनी तिथे चित्र, भित्तिचित्र, बातिक, अल्पना, उत्सवाची सजावट, नाटकाचा पोशाख यांत उच्चनीच ठेवले नाही. १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाची सजावट गांधीजींनी त्यांच्यावर सोपवली, तेव्हा खानदेशातल्या त्या खेड्यात त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून मंडप सजवला. दोन वर्षांनी हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी केलेली त्यांची फलकचित्रे तर प्रसिद्धच आहेत. राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट नंदलालांची आहे हे आपल्याला माहीत असते. त्या सजावटीमागे कलेविषयीचा एक पूर्ण विचार होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

१९४७ च्या सुमारास मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांना बंगालचा भावुकपणा नको होता आणि जे. जे.चा अकादमीपणाही. त्यांची नजर पॅरिसच्या आधुनिकतेकडे होती आणि त्यांचे रणांगण कॅनव्हास हेच होते. गंमत अशी, की याच गटातल्या पंढरपूरच्या हुसेननी तरुणपणी मुलांचे फर्निचर आणि लाकडी खेळणी करून दिवस काढले होते. त्यांच्या चरित्रात तो उमेदवारीचा काळ म्हणून येतो. सुब्रमण्यन यांच्या चरित्रात खेळणी येतात ती प्राध्यापक झाल्यानंतर. दोन आधुनिकतांमधला फरक सांगायला ही एक गोष्ट पुरे. पुढे मद्रासमध्ये पणिक्करांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये चोळमंडल हे कलाग्राम उभे राहिले, तिथे चित्रकारांनी बातिक आणि हस्तकलेच्या विक्रीवर आपली चूल पेटती ठेवली. आणि या सगळ्यांच्या मध्ये, विचाराने तरी, बडोदा होते.

कलपाती गणपती सुब्रमण्यन यांचा जन्म १९२४ सालचा, उत्तर केरळातल्या कूत्तुपरंबाचा. कुटुंब तमिळ ब्राह्मण, बालपण माहेमध्ये. माहे म्हणजे ब्रिटिश मलबारच्या पोटातला फ्रेंच अंमलाखालचा चिमुकला तुकडा. घरात तमिळ, बाहेर मल्याळम, सरकारी कामकाजात फ्रेंच, शाळेच्या पुस्तकात इंग्रजी. एका वस्तूला एकाहून अधिक नावे असतात आणि प्रत्येक नावाबरोबर वस्तू थोडी बदलते, हे अशा मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. भोवतालचा मुलूख थेय्यमचा. रंग, मुखवटा आणि भल्या मोठ्या मुकुटाने माणसाचा देव होतो आणि पहाटे पुन्हा माणूस होतो तो मुलूख. पुढे त्यांच्या चित्रांत माणूस, पशू आणि देव एकमेकांच्या कातडीत इतक्या सहज शिरतात, त्याचे मूळ एकाच ठिकाणी दाखवणे धोक्याचे आहे. पण ते पाहताना हा मुलूख विसरूनही चालत नाही.

कलाशाळेत जाण्याचा त्यांचा बेत नव्हता. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकत होते. आनंद कुमारस्वामी आणि गांधी यांचे लेखन त्यांनी याच वयात वाचले. १९४२ च्या चळवळीत उतरल्यामुळे तुरुंगवास झाला आणि सरकारी महाविद्यालयांची दारे बंद झाली. म्हणून १९४४ मध्ये ते शांतिनिकेतनात पोचले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि गांधींचा वाचक म्हणून ते कलेकडे आले, ही बाब महत्त्वाची आहे. वस्तू कोण घडवतो, ती कोण वापरतो, त्या घडवण्यात त्याचे किती मन असते, हे प्रश्न त्यांना कलेच्या बाहेरचे वाटलेच नाहीत.

कलाभवनात त्यांना तीन गुरू मिळाले आणि तिघे तीन तऱ्हांचे होते. नंदलालांकडून कलेचा सामाजिक पसारा कळला. रामकिंकर बैज यांनी सिमेंट आणि लाल मुरमाच्या खडीतून उघड्या माळावर ‘संथाळ परिवार’ उभा केला होता. त्यांच्याकडून साहित्याशी धसमुसळेपणाने वागायचे धैर्य मिळाले. पण सर्वांत खोल ठसा बिनोदबिहारी मुखर्जींचा. १९४६–४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर बिनोदबाबू मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र रंगवत होते, तेव्हा मदतीला असलेल्या विद्यार्थ्यांत सुब्रमण्यन होते. जन्मापासून अधू नजर असलेला हा माणूस आधी मोठा आराखडा न गिरवता ओल्या गिलाव्यावर नदीच्या ओघाने माणसांची रांग पुढे नेत होता. आकृत्या वेगळ्या सुट्या नाहीत, एकीच्या खांद्यातून दुसरी निघते, मधली मोकळी जागासुद्धा आकार धरते. सुब्रमण्यन यांच्या पुढच्या सगळ्या भित्तिचित्रांत ही जाण दिसते. बिनोदबाबूंची दृष्टी नंतर पूर्ण गेली, तरी ते काम करत राहिले. त्यांचे आत्मकथनपर लेखन पुढे सुब्रमण्यन यांनीच इंग्रजीत आणले. गुरुदक्षिणेचा इतका नेमका प्रकार क्वचित पाहायला मिळतो.

१९५१ मध्ये ते बडोद्याला शिकवायला आले. मराठी वाचकाला बडोदा परके नाही. सयाजीरावांच्या या नगरीत कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलालांनी आधीच चित्रे काढलेली होती. नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. चित्रकलेचे प्रमुख होते आपले नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पकलेचे शंखो चौधुरी. म्हणजे इंदूर-मुंबईकडून आलेली रंगाची पारख आणि शांतिनिकेतनहून आलेला विचार एकाच छपराखाली आला. चित्र, शिल्प, उपयोजित कला आणि कलेतिहास यांच्या वर्गांत तिथे सतत ये-जा असे. साठच्या दशकात भरू लागलेल्या ललितकला मेळ्यात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, कठपुतळ्या, छापील कापड, मातीची भांडी करून विकत. सुब्रमण्यन यांची खेळणी या मेळ्यासाठी झाली. लाकडाचे दोन ठोकळे, चार मणी, चामड्याची पट्टी एवढ्यावर उंट, घोडा किंवा पोट सुटलेला गृहस्थ उभा राहतो. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांत किंवा घराघरातल्या लाकडी ठकीत असलेली काटकसर इथे आहे. फक्त तिला एका आधुनिक चित्रकाराचा मिश्कीलपणा मिळाला आहे.

त्यांच्या आयुष्यातला मुंबईचा अध्याय लहान आहे, पण मराठी वाचकासाठी तो सर्वांत जवळचा. १९५९ ते १९६१ या काळात ते अखिल भारतीय हातमाग मंडळात डिझाइन विभागाचे उपसंचालक म्हणून मुंबईत होते. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे उभी राहत होती, आणि त्यांत चित्रकारांना नोकऱ्या मिळत होत्या. नमुना कागदावर काढून विणकराच्या हाती दिला की काम संपत नसे. आलेखाच्या कागदावर तो चौकडी-चौकडीने उतरवावा लागतो, कारण मागावर वळणदार रेघ नसतेच. ताण्याचे आणि बाण्याचे धागे काटकोनात भेटतात, त्यामुळे प्रत्येक वळण पायऱ्यापायऱ्यांचे होते. सूत किती जाड, इंचात किती धागे, यावर त्या पायऱ्या किती बारीक हे ठरते. कुंचल्याच्या एका फटकाऱ्याचे काम तिथे शंभर छोट्या निर्णयांत वाटले जाते. साहित्य आपले म्हणणे पुढे रेटते आणि आपल्याला त्याच्याशी बोलणी करावी लागतात, हा धडा याहून स्पष्ट कुठे मिळणार?

याच यंत्रणेत आपले अंबादास आणि प्रभाकर बरवे यांनीही नोकरी केली. बरव्यांची बनारसच्या विणकर केंद्रातली वर्षे आणि त्यांच्या चित्रातली तांत्रिक प्रतीके यांचा संबंध अनेकांनी जोडला आहे. ‘कोरा कॅनव्हास’ वाचणाऱ्या मराठी वाचकाला त्यांची विचार करण्याची रीतही ठाऊक आहे. पण मुंबईतल्या विणकर सेवा केंद्राने एका पिढीच्या चित्रकारांच्या नजरेत काय बदल केला, हा प्रश्न आपल्या कलेतिहासात अजून कोणी नीट विचारलेला नाही. नोकरी म्हणजे नोकरी, चित्र म्हणजे चित्र, अशी फाळणी आपण गृहीत धरली. सुब्रमण्यन यांच्याकडे पाहिले की ही फाळणी कुठे चुकते ते दिसते.

ती कुठे चुकते, हे पाहायचे तर लखनौला जावे. चारबाग रेल्वे स्थानकासमोरच्या रवींद्रालयाच्या दर्शनी भिंतीवर १९६३ मध्ये त्यांनी सुमारे ८१ फूट लांब आणि ९ फूट उंच असे टेराकोटाचे भित्तिशिल्प उभे केले. विषय रवींद्रनाथांचे ‘राजा’ हे नाटक. या नाटकातला राजा कधीच दिसत नाही; तो अंधाऱ्या खोलीत भेटतो, आणि राणी सुदर्शनेचा हट्ट असतो त्याला उजेडात पाहण्याचा. न दिसणाऱ्या राजाचे नाटक ८१ फुटांच्या भिंतीवर दाखवायचे, हा पेचच किती गमतीचा! सुब्रमण्यन यांनी तो सोडवला लहान लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मातीच्या घटकांतून. जवळून पाहिले तर भाजलेल्या मातीचे तुकडे, त्यांतले खाचखळगे, उंचवटे एवढेच दिसते. मागे सरकत गेले की त्यांतून चेहरे, हात, मुकुट जुळतात. ऊन कलते तशा सावल्या बदलतात आणि आकृत्या पुढेमागे होतात. चौकडीचौकडीने मोठे क्षेत्र कसे भरायचे, हे या माणसाने दोन वर्षे आधी मागावर पाहिले होते. हातमाग मंडळातली नोकरी आणि लखनौची भिंत यांच्यामधला धागा मला इथे स्पष्ट दिसतो.

१९७१ च्या बांगलादेश युद्धानंतर त्यांनी केलेली मातीची उठावचित्रे याच्या अगदी उलट स्वभावाची आहेत. पोळी लाटावी तशी माती लाटायची, ती दुमडायची, चिमटायची, फाडायची आणि भट्टीत घालायची. त्यातून निघाले छातीवर पदके मिरवणारे सेनापती आणि त्यांची विजयचिन्हे, म्हणजे छिन्नविच्छिन्न देह. मातीच्या पापुद्र्याला पडलेली घडी ही गणवेशाचीही घडी आहे आणि सोललेल्या कातडीचीही. लखनौत जी माती नाटक सांगत होती, ती इथे संहार सांगते, तेही जवळपास हातात मावेल एवढ्या आकारात. आशय आधी ठरवला आणि मग माध्यम निवडले, असे या कामाबद्दल म्हणताच येत नाही. मातीच्या वागण्यातच आशय आहे.

त्यानंतरच्या दशकात ते काचेकडे वळले. काचचित्र आपल्या वाड्यांतही होते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात त्याचे नमुने पाहायला मिळतात. काचेच्या मागून रंगवायचे आणि पुढून पाहायचे, म्हणजे सगळा क्रम उलटा. कॅनव्हासवर आधी पार्श्वभूमी, मग अंग, शेवटी डोळ्यातला ठिपका. काचेवर आधी ठिपका, मग डोळा, मग चेहरा आणि सर्वांत शेवटी मागची भिंत. पहिला फटकारा कायमचा वरचा थर होतो, त्याच्यावर दुरुस्ती नाही. डावे-उजवेही उलटते. बाजारातल्या कारागिराने देवादिकांसाठी वापरलेले हे तंत्र सुब्रमण्यन यांनी उचलले आणि त्यात खिडकीतल्या बायका, बोकड, माकडे, मांजरे, देवीचे अवतार आणि शेजारपाजार एकत्र नांदवले. चमचमीत, थोडे चावट, थोडे भयंकर असे हे जग आहे. त्यात कालिघाटचा पट आहे, मातिस आहे, पिकासो आहे, आणि कोणाचाही दबाव नाही.

त्यांच्या विचाराची सूत्रे सांगायची तर तीन सांगता येतील. पहिले : प्रत्येक साहित्याला स्वतःचे व्याकरण असते आणि कलावंताने एकाहून अधिक व्याकरणे शिकावीत, कारण त्यामुळे आपल्या मुख्य भाषेची मर्यादाही कळते. दुसरे : घरातली रांगोळी, भांडे, साडी, खेळणे यांपासून देवळाच्या शिल्पापर्यंत आणि संग्रहालयातल्या चित्रापर्यंत कलेचा एकच सलग पट्टा असतो. त्या पट्ट्याचे एक टोक सुकले तर दुसरेही फार काळ हिरवे राहत नाही. तिसरे : परंपरा म्हणजे जुन्या नक्षीचा साठा नव्हे. ती एक चालती यंत्रणा आहे, तिच्यात घडवणारे, वापरणारे, शिकवणारे, विकणारे सगळे असतात. ती चालू असेल तर बाहेरचे काहीही पचवते; बंद पडली की तिचे नुसते नमुने उरतात. ‘मूव्हिंग फोकस’ (१९७८) आणि ‘द लिव्हिंग ट्रॅडिशन’ (१९८७) या पुस्तकांत ही मांडणी विस्ताराने आली आहे. आपण भारतीय व्हायचे की आधुनिक, या प्रश्नाने त्यांच्या पिढीतल्या अनेकांना छळले. सुब्रमण्यन यांनी तो प्रश्नच चुकीचा ठरवला आणि हातातल्या कामाकडे वळले.

शिक्षक म्हणून त्यांचा प्रभाव शिष्यांच्या विविधतेत मोजावा. गुलाममोहम्मद शेख यांची कथनात्म चित्रे, ज्योती भट्ट यांनी गावोगावच्या भिंतीचित्रांची छायाचित्रांत केलेली नोंद, हकू शाह यांचा लोककलेचा अभ्यास, लक्ष्मा गौड यांची रेखाटने ही एकमेकांसारखी अजिबात नाहीत. बिनोदबाबूंची मुंबईत जन्मलेली मुलगी मृणालिनी बडोद्यात सुब्रमण्यन यांच्याकडे शिकली आणि दोरांना गाठी मारत माणसाहून उंच शिल्पे करू लागली. विणकाम आणि शिल्प यांतली भिंत तिने पाडली, तेव्हा अनेक समीक्षकांना तिला कोणत्या खणात ठेवावे हे कळेना. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात शेख आणि भूपेन खख्खर यांच्याबरोबर आपले सुधीर पटवर्धनही होते. माणसांच्या आणि जागांच्या गोष्टीकडे परतण्याच्या त्या हालचालीची जमीन बडोद्यात बरीच आधी नांगरली गेली होती. सुब्रमण्यन स्वतः १९८० मध्ये शांतिनिकेतनला परतले, तिथे ‘मणिदा’ झाले, आणि पंचाऐंशीच्या घरात असताना कलाभवनातल्या एका इमारतीच्या बाह्य भिंती त्यांनी परांचीवर चढून काळ्या-पांढऱ्यात रंगवल्या. अखेरची वर्षे बडोद्यात गेली. २०१६ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यावर आक्षेप आहेत आणि ते टाळून ओळख पुरी होणार नाही. हाताला इतकी सवय झाली होती, की उत्तरकाळातली काही चित्रे नुसत्या सराईतपणावर उभी आहेत, असे म्हटले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. सजावटीचा गोडवा दुःखाची धार बोथट करतो, असाही एक सूर आहे. त्याला सेनापतींची मातीची चित्रे आणि ‘वॉर ऑफ द रेलिक्स’ हा अखेरच्या वर्षांतला काळा-पांढरा, ३६ फूट लांबीचा धर्मयुद्धाचा पट हे उत्तर आहे. मुलांसाठी म्हणून केलेले ‘द टेल ऑफ द टॉकिंग फेस’ हे आणीबाणीवरचे रूपक आहे, हेही लक्षात घ्यावे. सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच : कारागिराबद्दल इतके लिहूनही चित्रकाराचे नाव राहते आणि विणकराचे राहत नाही. हा दोष एका माणसाचा नाही, पण त्याच्या विचाराची कसोटी मात्र इथेच लागते. या पुस्तकातल्या काही लेखांनी हा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारला आहे, हे मला त्याचे बळ वाटते.

आज हा विषय का? पहिले कारण संस्थांचे. सुब्रमण्यन ज्या हातमाग मंडळात होते ते २०२० मध्ये केंद्र सरकारने बरखास्त केले. हस्तकला मंडळही त्याच सुमारास गेले. मंडळे निर्दोष होती असे नाही, पण चित्रकार आणि विणकर यांना एका टेबलाशी बसवणारी ती जागा होती. दुसरे कारण बाजाराचे. हातमाग, वारली, पैठणी यांना आज भाव आहे, पण तो बहुधा नक्षीला आहे. मोबाईलच्या कव्हरवर वारलीतले नाचणारे गोल छापले म्हणजे परंपरा जगली असे होत नाही, हे सांगायला सुब्रमण्यन यांचे तिसरे सूत्र उपयोगी पडते. तिसरे कारण शिक्षणाचे. ‘बहुमाध्यमी कलावंत’ ही आता प्रत्येक कलापदवीधराच्या परिचयातली ओळ झाली आहे. माध्यमे बदलणे सोपे झाले, पण माध्यमाशी बोलणी करणे तितकेच अवघड राहिले. मागावर, भट्टीपाशी, काचेच्या मागे हा माणूस काय करत होता, ते पाहिल्यावर त्या ओळीची किंमत वाढते.

या पुस्तकाने सुब्रमण्यन यांचे चरित्र सांगण्याचा घाट घातलेला नाही. त्यांच्यावर इंग्रजीत, विशेषतः आर. शिवकुमार यांनी, मोलाचे काम केलेले आहे. त्याचा मराठी सारांश देणे हाही उद्देश नाही. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले हे लेख एकेका साहित्यापाशी थांबतात आणि तिथून माणसाकडे पाहतात. लिहिणाऱ्यांत चित्रकार आहेत, तसे कापडाचे आणि मातीचे काम करणारेही आहेत, आणि त्यांची मते जुळतातच असे नाही. वाचकाने लेख क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याला माग ठाऊक आहे त्याने तिथून सुरुवात करावी, ज्याला लहान मुलांची पुस्तके आवडतात त्याने तिथून. कलेचा पट्टा सलग असेल तर कुठूनही शिरलेला माणूस भिंतीपर्यंत पोचायला हवा; न पोचला तर दोष पुस्तकाचा मानावा.

मराठी कलालेखनाकडून मात्र यापुढे एक अपेक्षा आहे. आपल्याकडे चित्रकारांची चरित्रे आहेत, आठवणी आहेत, प्रदर्शनांची परीक्षणे आहेत. पण मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात आपल्या चित्रकारांनी काय केले, कोणत्या विणकरांबरोबर केले, त्यांतले किती कापड बाजारात आले, याचा इतिहास मराठीत लिहिलेला नाही. त्या काळात तिथे उमेदवारी केलेले काही जण आज वयोवृद्ध आहेत, आणि कागदावरचे नमुने कपाटांत पिवळे पडत आहेत. सुब्रमण्यन वाचून झाल्यावर कोणा तरुण अभ्यासकाने ते काम हाती घेतले आणि त्यात चित्रकारांइतकीच विणकरांचीही नावे लिहिली, तर या पुस्तकामागचा खटाटोप कारणी लागला असे मी म्हणेन.